‘स्टाफ उद्धट होता’ म्हणजे नेमकं काय झालं?

ताई,
मी म्हापशाला राहते. मुलगी शाळेत जायला लागली तसा हाताशी थोडा वेळ राहू लागला, म्हणून एका एजन्सीसाठी मिस्टरी शॉपिंग करते. म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, काहीतरी घ्यायचं आणि सेवा कशी मिळाली याचा रिपोर्ट लिहायचा; खरेदीचे पैसे एजन्सी परत देते. चपलांचं शोरूम, पेट्रोल पंप, कॅफे, जे मिळेल ते. दुकानात जाऊन यायला मजा येते, पण रिपोर्ट लिहायला बसलं की रडू येतं. जवळजवळ प्रत्येक रिपोर्ट ‘अधिक तपशील द्या’ म्हणून परत येतो. मागचा तर रद्दच झाला आणि सँडलचे पैसेही अडकले. त्यातला उतारा सोबत देते आहे. दुसरं असं की माझ्या लिहिण्यामुळे कुणाची नोकरी गेली तर, या भीतीने वाईट लिहिताना हात आखडतो. आणि आपल्या गोव्यात कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. परवा कॅशवरची मुलगी माझ्या मावसबहिणीची वर्गमैत्रीण निघाली. आता व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी एका एजन्सीचं बोलावणं आलं आहे, ते नोंदणीचे दीड हजार मागतात. भरू का?
— एक वाचक, म्हापसा

उतारा: ‘स्टाफ खूप उद्धट होता आणि कामात अजिबात रस नव्हता. सर्व्हिस फारच स्लो. बराच वेळ कुणी लक्षच दिलं नाही. दुकान मात्र स्वच्छ आणि छान. स्टाफ लोकल नव्हता, त्यामुळे बोलण्यात अडचण आली. एकंदर अनुभव निराशाजनक.’

तुमचा उतारा दोनदा वाचला. दुकानाबद्दल त्यातून काही हाती लागलं नाही, तुम्ही वैतागला होता एवढं मात्र कळलं. एडिटर ‘अधिक तपशील द्या’ म्हणतो तेव्हा त्याला लांबलचक रिपोर्ट नको असतो. हाच उतारा तिप्पट लांबवून, ‘खूप’च्या जागी ‘अतिशय’ घालून पाठवलात तरी तो परत येणारच.

मी काही वर्षं असे रिपोर्ट तपासायचं काम केलं आहे, म्हणून तुम्ही ‘सबमिट’ दाबल्यावर पुढे काय होतं ते सांगते. एडिटर बसलेला असतो मुंबईत नाही तर गुरुग्रामला. त्याने ते शोरूम पाहिलेलं नाही आणि म्हापसाही पाहिलेलं नाही. त्याच्याकडून रिपोर्ट कंपनीकडे जातो, तिथून एरिया मॅनेजरकडे, आणि एके दिवशी एरिया मॅनेजर तो शोरूमच्या मॅनेजरपुढे ठेवतो. त्यात ‘स्टाफ उद्धट होता’ असेल तर मॅनेजर म्हणणार, ‘सर, आमची मुलं तशी नाहीत, गिऱ्हाईकच तिरसट असेल.’ संपला विषय. त्याच कागदावर ‘५.४२ला आत आले, ५.४९पर्यंत कुणी बोललं नाही’ असं असेल, तर वाद घालायला जागा राहत नाही. फार तर तो कॅमेऱ्याचं फुटेज काढून बघेल, आणि फुटेज तुमच्याच बाजूने बोलेल. लिहिताना डोळ्यांसमोर हा मॅनेजर ठेवा. ज्या वाक्यावर त्याला ‘कशावरून?’ असं विचारता येईल, ते वाक्य कच्चं.

तुमच्या शोरूममध्ये काय घडलं ते तुम्ही लिहिलेलंच नाही, त्यामुळे मी अंदाजाने मांडते:

‘सायंकाळी ५.४२ला आत गेले. दाराजवळच्या काउंटरवर दोन कर्मचारी होते आणि माझ्याशिवाय चार गिऱ्हाइकं. आत आल्यावर कुणी नमस्कार किंवा गुड ईव्हनिंग म्हटलं नाही. मी लेडीज सँडलच्या रॅकपाशी उभी राहून तीन जोड काढून बघितले. ५.४९ला एक कर्मचारी जवळून गेला. अंदाजे पंचविशीचा, चष्मा, कंपनीचा निळा टी-शर्ट, नावाचा बिल्ला नाही. मी त्याला कोकणीत विचारलं, ह्यात ३८ नंबर आहे का. तो न थांबता हिंदीत म्हणाला, “जो है, यहीं है,” आणि काउंटरकडे गेला. आत बघून येतो असं म्हणाला नाही. ५.५३ला दुसरी कर्मचारी स्वतःहून आली, तिने नंबर विचारला आणि दोन मिनिटांत आतून ३८चा जोड आणून दिला.’

यात ‘उद्धट’ हा शब्द कुठेही नाही, पण वाचणाऱ्याला तो आपणहून सुचतो. शिवाय तुमच्या उताऱ्यात दबलेली एक गोष्ट वर आली. ‘स्टाफ’ उद्धट नव्हता. एक मुलगा तुटक बोलला आणि एका मुलीने काम चोख केलं. ‘स्टाफ’ लिहून तुम्ही तिलाही त्याच्याच रांगेत बसवलंत.

आता ‘बराच वेळ’ घ्या. कंपनीच्या ब्रीफमध्ये, म्हणजे काय काय बघायचं त्या लेखी सूचनांमध्ये, सहसा आकडा दिलेला असतो: आत आल्यावर इतक्या सेकंदांत स्वागत, ऑर्डर दिल्यावर इतक्या मिनिटांत पदार्थ टेबलावर. ‘बराच’ त्या आकड्याशी ताडून बघता येत नाही. पण घड्याळाचंही एक तंत्र आहे. रिपोर्टात स्वागताला ५ मिनिटं, ऑर्डरला १०, बिलाला १५ असे सगळे गोल आकडे दिसले की एडिटरच्या मनात पहिली शंका येते ती ही, की बाई घरी बसून लिहितेय. खऱ्या वेळा ७ मिनिटं, ११ मिनिटं अशा वेड्यावाकड्याच असतात.

त्या टिपायच्या कशा? दुकानात वही-पेन काढायची नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज टाकता येतो. आत शिरताना ‘दूध’, कुणी बोललं की ‘साखर’, बिल हातात आलं की ‘पाव’. बघणाऱ्याला वाटेल बाई बाजाराची यादी करतेय, आणि प्रत्येक मेसेजखाली वेळ आपोआप उमटते. बिलावर छापलेली वेळ आणि यूपीआयचा मेसेज हे दोन पुरावे आयतेच मिळतात. टॉयलेट तपासायचं असेल तर आत कडी लावून दोन-चार ओळी निवांत लिहिता येतात. बाहेर पडल्यावर दुकानाच्या दारातच स्कूटरवर बसून टाइप करत बसू नका. पुढच्या वळणापर्यंत जा, मग थांबा. आणि बिलाचा फोटो तिथल्या तिथे काढा. त्या थर्मल कागदाच्या बिलांवरची अक्षरं उन्हात, स्कूटरच्या डिकीत पार उडून जातात, आणि पावसाळ्यात काय होतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

भेटीचा सांगाडा त्याच जागी मराठीत लिहून काढा. फॉर्म इंग्रजीत असतो म्हणून डोकंही इंग्रजीत चालवायला गेलात की ‘व्हेरी रूड’, ‘व्हेरी स्लो’ एवढंच सुचतं. आधी मराठीत काय घडलं ते, मग रात्री मुलगी झोपल्यावर छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. व्याकरण थोडं चुकलं तर एडिटर दुरुस्त करतो, ते त्याचं कामच आहे. घडलेलं मात्र त्याला तुमच्याशिवाय दुसरं कोण सांगणार? (हल्ली काही जणी चॅटजीपीटीकडून रिपोर्ट सजवून घेतात. तो लगेच ओळखू येतो. त्यात ‘उबदार आणि प्रसन्न वातावरण’ असतं, घड्याळ नसतं.)

कर्मचारी बोलला ते ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत, जसंच्या तसं द्या, खाली अर्थ द्या. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. काउंटरवरच्या कोकणी मावशीने तुम्हाला ‘तुका किदें जाय?’ (तुला काय हवं?) विचारलं तर त्यात अपमान काही नाही, सगळा गाव तसंच बोलतो. पण ‘तिने मला अरे-तुरे केलं’ असं तुम्ही लिहिलंत, तर गुरुग्रामचा एडिटर गैरवर्तनाच्या चौकटीत टिक करून मोकळा.

‘दुकान स्वच्छ आणि छान.’ वाईटाचे पुरावे द्यायचे हे सगळ्यांना पटतं, चांगल्याचे द्यायला कुणी जात नाही. खरं तर पुरावा नसलेलं कौतुक एडिटरला जास्त खुपतं, कारण दुकानात न जाता लिहिलेले रिपोर्ट नेहमी कौतुकाचेच असतात. तुम्ही नेमकं काय पाहिलंत? फरशी, आरशावरचे डाग, बसायच्या स्टुलाखाली पडलेले खोके, दारातलं पायपुसणं? पावसाच्या दिवसांत दारापाशी चिखल होता का, आणि कुणी पुसत होतं का? यातलं काही पाहिलं नसेल तर लिहू नका. ‘नव्हतं’ आणि ‘मला दिसलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्ममध्ये ‘नाही’ आणि ‘लागू नाही’ असे दोन पर्याय ठेवतात ते त्यासाठीच. तुम्ही काही परत करायला गेलाच नव्हता, तर ‘माल परत घेताना वागणूक नीट होती का’ या प्रश्नाला ‘लागू नाही’. तिथे ‘नाही’वर टिक केलंत तर त्या शोरूमचे गुण फुकट कापले जातात. आणि पाठवण्याआधी एकदा वरच्या टिका आणि खालच्या ओळी शेजारी ठेवून वाचा. वर ‘स्वागत झालं: होय’, खाली ‘कुणी लक्ष दिलं नाही’. माझ्याकडून परत जाणाऱ्या रिपोर्टांमध्ये सर्वांत मोठा ढीग याच प्रकारचा असायचा.

पेट्रोल पंपाचं काम करता म्हणून थोडं त्याबद्दल. तिथे डोळे आणि कान पुरत नाहीत, काय बघायचं ते आधी माहीत लागतं. पेट्रोल सुरू करण्यापूर्वी मुलाने ‘झिरो बघा’ म्हटलं का, आणि मीटरवर खरोखर शून्य होतं का, ही दोन वेगळी निरीक्षणं. नोझल बाहेर काढताना मीटरवर दिसलेले लिटर आणि रुपये, फलकावरचा दर, बिलावरचा दर, हे सगळं लिहा आणि भागाकार स्वतः करून बघा. प्रत्येक पंपावर प्रमाणित पाच लिटरचं माप ठेवावं लागतं, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे माप रेघेच्या थोडं खाली दिसलं की ‘चोरी करतात’ असं लिहायचं नाही, किती खाली ते लिहायचं. भेसळ तपासायला फिल्टर पेपरही मागता येतो. पण माप किंवा फिल्टर पेपर ब्रीफमध्ये सांगितलं असेल तरच मागा. म्हापशात पाच लिटरचं माप मागणारं गिऱ्हाईक चार दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतं.

कॅफे आणि रेस्टॉरंटमध्ये बिल नीट वाचा. १ जानेवारी २०२२पासून बिलावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर, असणं सक्तीचं आहे. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप घालू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. तरी किनाऱ्याकडे तो लावलेला सापडेल. रिपोर्टात कायदा शिकवायचा नाही. किती टक्के लावला, काढायला सांगितल्यावर वेटर काय म्हणाला, मॅनेजरला बोलावलं का, शेवटी काढला का, एवढं पुरे. उद्या सोन्याच्या दुकानाचं काम मिळालं तर सेल्समनने दागिन्यावरचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दाखवला का ते बघा. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो लागतो.

आता ते वाक्य: ‘स्टाफ लोकल नव्हता.’ हे काढा, आणि पुन्हा कधी लिहू नका. कांदोळी-कळंगुटला काय किंवा पर्वरीच्या मॉलमध्ये काय, काउंटरमागची निम्मीशिम्मी मुलं बाहेरगावची असतात. आपल्याकडे त्यांना ‘घाटी’ म्हणून मोकळं होण्याची वाईट खोड आहे आणि ती रिपोर्टात हळूच शिरते. तुम्हाला अडचण आली असेल तर ती अडचण लिहा: ‘मी कोकणीत दोनदा विचारलं, त्याला समजलं नाही, हिंदीत विचारल्यावर उत्तर मिळालं.’ कंपनीला यातून कळतं की त्या शोरूममध्ये कोकणी जाणणारं एक माणूस तरी हवं. तुमच्या वाक्यातून तिला फक्त तुमचं मत कळतं. माणसाचं वर्णन करतानाही उंची, चष्मा, दाढी, केस, गणवेश, बिल्ला एवढ्यावर थांबा. रंग, जाडी आणि ‘कुठला वाटत होता’ हे नको.

नोकरीची भीती. तुमचं मन खातंय हे मला आवडलं. या कामाचा उगमच जरा वाईट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या दुकानांत आणि बँकांत नोकर गल्ल्यात हात घालतात का, ते पकडायला असे खोटे ग्राहक पाठवायचे. तो हेरगिरीचा वास अजून पुरता गेलेला नाही. चांगल्या एजन्सी कंपन्यांना सांगतात की एका भेटीवरून कुणावर कारवाई करू नका, पण एखादी कंपनी ऐकते, एखादी नाही. कुणाचंच काही होणार नाही, असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही.

पण हात आखडून काय होतं ते बघा. तुम्ही सौम्य लिहिलंत, पुढच्या महिन्यात दुसऱ्या शॉपरने खरं लिहिलं, की खोट्या तुम्ही ठरता. शिवाय तुमच्या सौम्यपणाने ती दुसरी मुलगी, जिने ३८ नंबर आणून दिला, ती अदृश्य होते. त्या मुलाला वाचवायचंच असेल तर खरा मार्ग आजूबाजूचं सगळं लिहिण्याचा आहे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराच्या गर्दीत गेला होता का? काउंटरवर एकच माणूस आणि रांगेत सात जण होते का? वीज गेली होती का? पर्यटकांची बस नुकतीच रिकामी झाली होती का? ‘सर्व्हिस स्लो’ वाचून मुलावर ठपका येतो. ‘तीन काउंटरपैकी एक चालू, त्यावर एकटाच मुलगा, रांगेत सात गिऱ्हाइकं, माझा नंबर यायला १४ मिनिटं’ वाचून प्रश्न मॅनेजरला विचारला जातो, की बाकीचे दोन कुठे होते. मी पाहिलेल्या कितीतरी रिपोर्टांत मुलांचा आळस म्हणून लिहिलेली गोष्ट मुळात माणसं कमी असण्याची होती. आणि नाव ब्रीफमध्ये मागितलं असेल तरच द्या. फोनवर कुणाचं बोलणं चोरून रेकॉर्ड करू नका, एजन्सीने लेखी सांगितलं नसेल तर मुळीच नाही.

ओळखीचं निघण्यावर गोव्यात पुरता उपाय नाही. इथे ‘खंयची गो तूं?’ (कुठली गं तू?) या एका प्रश्नात दोन पिढ्यांचा हिशेब निघतो. त्या कॅशवरच्या मुलीने तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून ओळखलं तर बिघडत नाही, ओळखीची माणसंही सँडल घेतातच. पण तिच्याशी घरोबा असेल, किंवा तुम्ही हे काम करता हे तिला माहीत असेल, तर खरेदी साधेपणाने आटपा, बाहेर या आणि त्याच दिवशी एजन्सीला कळवा. काम घेण्याआधी ठाऊक असेल तर घेऊच नका. कुणी विचारलंच, तर लांबलचक थाप रचू नका. ‘म्हापशाची, मुलीला शाळेत सोडून आले’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. जमेल तेव्हा फोंडा, मडगावची कामं घ्या. बसभाडं मानधनातून जातं हे कबूल, म्हणून प्रवासखर्च मिळतो का ते आधी विचारा. आणि मावसबहिणीला सांगणं बंद करा.

रद्द झालेल्या रिपोर्टचे पैसे अजून हातचे गेले असं धरू नका. भेट झालीच नाही म्हणून रद्द केला की लेखन कच्चं म्हणून, हे एजन्सीला मेलवर विचारा. सोबत बिलाचा फोटो आणि तुमच्या मेसेजमधल्या वेळा जोडा. लेखन हेच कारण असेल तर सगळं पुन्हा लिहून देण्याची तयारी दाखवा. काही एजन्सी एक संधी देतात, निदान खरेदीची रक्कम तरी परत करतात.

दीड हजार भरू नका. खरी एजन्सी तुम्हाला पैसे देते, तुमच्याकडून घेत नाही. नोंदणी, ट्रेनिंग, सर्टिफिकेट, डिपॉझिट, नाव काहीही असो. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन वर्षानुवर्षं हेच बजावत आलं आहे. तिथले भामटे खोटा चेक पाठवतात, इथले आधी दोनशे-पाचशे तुमच्या खात्यात टाकून विश्वास कमावतात आणि मग ‘मोठ्या टास्क’साठी तुमच्याकडून रक्कम भरून घेतात. नंबर ब्लॉक करण्यापूर्वी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा. पैसे आधीच भरले असतील तर हा लेख बाजूला ठेवून १९३०वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा. जितका उशीर, तितक्या पुढच्या खात्यांत ते पैसे सरकलेले असतात.